भाड्याची लेन्स ‘सॉफ्ट’ का वाटते?
(खेळ, वन्यजीव आणि निसर्गचित्रणासाठी लेन्स नेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी)

सोमवारी दुकान उघडलं की पहिली तक्रार ठरलेली असते : “शनिवारी नेलेली लेन्स सॉफ्ट आहे, फोटो पुसट येतात.” आम्ही तीच लेन्स तुमच्याच कॅमेऱ्यावर लावून भिंतीवरच्या वर्तमानपत्राचा फोटो काढतो आणि बातमीतलं बारीक अक्षरही वाचता येतं. यात तुमचा आणि आमचा तास जातो. असाइनमेंटचा शनिवार-रविवार तर गेलेलाच असतो, आणि त्याचं आम्हाला खरंच वाईट वाटतं.

तक्रार करण्याआधी फोटो शंभर टक्के मोठा करून बघा. सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसत असेल, तर हात हलला आहे. गवत स्पष्ट आणि फक्त प्राणी पुसट असेल, तर प्राणी हलला आहे. प्राण्याच्या मागची फांदी लख्ख आणि प्राणी धूसर असेल, तर फोकस फांदीवर बसला आहे. या तिन्हींत लेन्सचा दोष नाही.

बहुतेक वेळा चूक एकच असते : शटर स्पीड कमी, म्हणजे शटर गरजेपेक्षा जास्त वेळ उघडं. 50 मिमीच्या लेन्सवर 1/125 सेकंदाला फोटो छान येतात, तीच सवय 600 मिमीवर चालत नाही. दीडपट क्रॉप सेन्सरवर (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) 600 मिमीची चौकट 900 मिमीइतकी अरुंद होते, म्हणून हातात धरून 1/1000 च्या खाली येऊ नका. स्टॅबिलायझर चालू आहे म्हणून 1/100 ला काढलेले फोटो आम्ही दर आठवड्याला बघतो. स्टॅबिलायझर तुमच्या हाताचा कंप सावरतो, पळणारं चितळ थांबवत नाही. भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) पक्षी उडताना टिपायचे तर 1/2000 लागेल. त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) 3200 झाला तरी घाबरू नका. त्याने फोटोत येणारे दाणे नंतर कमी करता येतात, हललेला फोटो सावरता येत नाही.

कबड्डीसाठी 150-600 मिमीची झूम लेन्स मागणाऱ्यांना आम्ही 70-200 मिमी, एफ 2.8 ची सुचवतो (एफचा आकडा लहान, तितका उजेड जास्त). भाडं जास्त म्हणून महाग लेन्स गळ्यात मारतात, असं काहींना वाटतं. हिशोब असा : 600 मिमीच्या टोकाला 150-600 लेन्स एफ 6.3 वर असते, म्हणजे एफ 2.8 च्या पाचपट कमी उजेड. हॉलच्या दिव्यांत चढाईपटूची झेप पकडायला 1/1000 हवा आणि तो तिथे मिळत नाही. मैदानावर, भर उन्हात क्रिकेट असेल तर 150-600 जरूर न्या.

ताडोब्यात जिप्सीमध्ये ट्रायपॉड उघडायला जागा नसते. लांब लेन्सबरोबर बीनबॅग (लेन्स टेकवायची मऊ पिशवी) आम्ही मोफत देतो, ती नको म्हणू नका. चालकाला इंजिन बंद करायला सांगा, नाहीतर गाडीचा थरथराट फोटोत उतरतो. मे महिन्यात ऊन चढल्यावर दूरचा वाघ तापलेल्या हवेतून डुचमळताना दिसतो, त्यावर कुठल्याच लेन्सकडे उपाय नाही. पहाटेचे पहिले दोन तास वाया घालवू नका.

कासच्या फुलांसाठी किंवा कोकणकड्यासाठी लांब लेन्स लागतेच असं नाही. वाइड लेन्स, ट्रायपॉड, एफ 8 ते एफ 11. एफ 22 वर सगळं शार्प येतं हा गैरसमज आहे, तिथे डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) बारीक तपशील उलट मऊ होतो. लेन्सवर पाऊस पडला असेल तर परत देताना स्पष्ट सांगा. आम्ही रागावत नाही, पण न सांगता बॅगेत कोंडलेल्या ओलाव्याने बुरशी धरते आणि पुढच्या विद्यार्थ्याचं नुकसान होतं.

लेन्स देताना आम्ही तुमच्यासमोर पाच चाचणी फोटो काढतो आणि ते कार्डावर जपून ठेवायला सांगतो. बसची वेळ झालेली असते, दहा मिनिटं जातात, कुरकुर होते. तरी आम्ही हे सोडणार नाही. त्या पाच फोटोंमुळे डिपॉझिटवरून वाद होत नाही, आणि लेन्समध्ये खरोखर दोष निघाला तर त्या दिवसाचं भाडं आम्ही घेत नाही.

पहिल्यांदाच लांब लेन्स नेत असाल तर मधल्या वारी या. गर्दी कमी असते, ओळखपत्रावर सवलत मिळते आणि दुकानासमोरच्या झाडावरच्या कावळ्यांवर अर्धा तास हात बसवून घेता येतो. शनिवारची लेन्स शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर न्या, शुक्रवारचं भाडं लागणार नाही.