पडदा चांगला, मग दिसत का नाही?

बीडकडचा ऊसतोड कामगार. पहाटेच्या अंधारात मोळी डोक्यावर घेऊन गाडी भरताना त्याचा पाय फळीवरून चुकतो. मोतीबिंदू नाही, नंबर किरकोळ, तपासणीत मागचा पडदाही चांगला. मग मुकादमापासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांचा निकाल एकच: नाटक करतोय.

१८५१ मध्ये हेल्महोल्ट्झच्या यंत्रामुळे डोळ्याचा पडदा बघता आला. पण दिसणारा पडदा काम करतो का, हे त्यातून कळत नव्हतं. ते कळायची वाट विजेतून निघाली. १८६५ मध्ये स्वीडनच्या होल्मग्रेनने बेडकाच्या डोळ्यावर प्रकाश टाकला की विजेचा सूक्ष्म बदल होतो, हे नोंदवलं. माणसाच्या डोळ्यातली तशी नोंद १८७७ मध्ये ड्यूअरने घेतली. (पुढे थर्मासचं मूळ भांडं बनवणारा तोच.) ईसीजीवाल्या आइंटहोव्हेनने जॉलीसोबत १९०८ मध्ये या नोंदीतल्या लाटा वेगळ्या केल्या.

दवाखान्यात मात्र ती यायला १९४५ उजाडलं. कार्पेने रुग्णांवर तपासणी केली तेव्हा रेटिनायटिस पिगमेंटोसामध्ये (पडद्याच्या पेशी हळूहळू मरत जाणारा आनुवंशिक आजार) लाटा जवळजवळ नाहीशाच झालेल्या दिसल्या. या आजारात पडद्यावर काळे डाग दिसण्याआधीही लाट खाली बसलेली असू शकते. ‘नाटका’चं उत्तर तिथे आहे.

हीच ती ईआरजी, म्हणजे इलेक्ट्रोरेटिनोग्राफी. बाहुली मोठी करायचे थेंब घालून २० मिनिटं पूर्ण अंधारात बसवतात. खालच्या पापणीत केसाएवढा धागा किंवा बुबुळावर लेन्स ठेवतात आणि पांढऱ्या घुमटात मंद झगमग करतात: ही रात्री बघणाऱ्या पेशींची परीक्षा. मग उजेडात १० मिनिटं बसवून सेकंदाला ३० झगमगाटांनी दिवसाच्या पेशी तपासतात. दुखत नाही, डोळा थोडा चुरचुरतो. पण ही बेरीज अख्ख्या पडद्याची. फक्त मधला ठिपका बिघडला असेल, तर पेपर वाचता येत नसूनही रिपोर्ट नॉर्मल येतो आणि माणूस पुन्हा खोटा ठरतो. ती फट १९९२ च्या सुमारास सटरच्या मल्टिफोकल पद्धतीने, म्हणजे पडद्याचा भाग-भाग वेगळा तपासून, बुजवली.

अ जीवनसत्त्व कमी पडूनही रातांधळेपणा येतो आणि ते दिल्यावर लाट बऱ्याचदा परत उठते. आनुवंशिक आजारात तसं होत नाही. म्हणून डॉक्टर विचारतात, ‘आईवडिलांचं लग्न नात्यात झालंय का?’ घरचे म्हणतात, नाही. बापाने मामाची पोरगी केलेली असते. पण ती नात्यातली कुठे, ती तर हक्काची.