फुफ्फुसाच्या कर्करोगाची सीटी चाळणी

कोणतेही लक्षण नसलेल्या, पण दीर्घकाळच्या धूम्रपानामुळे धोका वाढलेल्या व्यक्तींच्या छातीचा कमी मात्रेचा सीटी स्कॅन ठरावीक काळाने काढून फुफ्फुसाचा कर्करोग शोधण्याची पद्धत. एका स्कॅनमधील किरणोत्सर्ग साधारण १.५ मिलिसीव्हर्ट, म्हणजे नेहमीच्या सीटीपेक्षा बराच कमी असतो. लक्षणांची वाट पाहून भागत नाही, कारण फुफ्फुसात खोलवर वाढणारी गाठ दुखत नाही. बेडक्यातून रक्त पडेपर्यंत किंवा धाप लागेपर्यंत ती बहुधा पसरलेली असते.

लवकर सापडला की रुग्ण वाचतो, हे इतके उघड वाटते की ते पडताळण्याची गरजच भासू नये. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने १९७१ मध्ये ते पडताळायला घेतले. नऊ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांपैकी एका गटाचा दर चार महिन्यांनी एक्स-रे काढला, बेडका तपासला. त्या गटात कर्करोग जास्त सापडले, निदानानंतर रुग्ण जास्त वर्षे जगले, आणि तरीही मृत्यू काही घटले नाहीत. निदान दोन वर्षे आधी झाले आणि मृत्यू ठरल्या वेळीच आला, तर आयुष्य तेवढेच राहते. रुग्ण म्हणून काढलेली वर्षे तेवढी दोनाने वाढतात. शिवाय काही गाठी इतक्या संथ असतात की त्या कधीच सापडल्या नसत्या तरी बिघडले नसते. म्हणून किती कर्करोग सापडले, हा आकडा इथे फसवा ठरतो.

१९९९ मध्ये न्यूयॉर्कमधील एका अभ्यासात हजार जणांत सीटीने २७ कर्करोग दाखवले, एक्स-रेने ७. पण तुलनेला दुसरा गट नव्हता. तो अमेरिकेच्या ‘नॅशनल लंग स्क्रीनिंग ट्रायल’मध्ये होता: २००२ पासून ५३,४५४ जण, निम्म्यांना सीटी, निम्म्यांना एक्स-रे, तीन फेऱ्या. २०११ च्या निकालात सीटी गटात या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी निघाले. मात्र संशयास्पद ठरलेल्या दर शंभर स्कॅनपैकी ९६ मध्ये कर्करोग नव्हता. म्हणजे पुन्हा स्कॅन, कधी सुईची बायोप्सी, आणि मधले धास्तीचे दिवस. नेदरलँड्स-बेल्जियममधील ‘नेल्सन’ चाचणीने तोड काढली: गाठीचे घनफळ मोजायचे, शंका असल्यास तीन महिन्यांनी पुन्हा मोजून ती किती वेगाने वाढते ते पाहायचे. २०२० च्या निकालानुसार पुरुषांतील मृत्यू दहा वर्षांत २४ टक्क्यांनी घटले.

अमेरिकेचा २०२१ चा निकष असा: वय ५० ते ८०, किमान २० ‘पॅक-वर्षे’ (रोज एक पाकीट, वीस वर्षे), आणि सिगारेट सोडली असल्यास १५ वर्षांच्या आत. लहान गाठी हाती लागू लागल्याने शस्त्रक्रियाही आवरती झाली. दोन सेंटीमीटरपर्यंतच्या गाठीसाठी फुफ्फुसाचा अख्खा खंड काढावा लागतोच असे नाही, हे जपानमधील चाचणीने २०२२ मध्ये दाखवले.

हे निकष भारतात जसेच्या तसे लागू पडत नाहीत. पॅक-वर्षांत बिडी बसवायची कशी, इथपासून सुरुवात. इथल्या पुष्कळ रुग्णांनी, विशेषतः स्त्रियांनी, कधी धूम्रपान केलेलेच नसते. (तैवानने २०२२ पासून घरात कुणाला हा रोग झाला असेल अशांनाही चाळणीत घेतले.) धूम्रपान न केलेल्यांच्या गाठीत ईजीएफआर जनुकातील बदल अधिक आढळतो आणि त्यावर गोळ्या चालतात. सगळ्यांत चिवट अडचण टीबीची. बऱ्या झालेल्या टीबीचा व्रण आणि नवी गाठ स्कॅनवर सारखी दिसू शकतात. उलट, एक्स-रेवरचा डाग टीबीचा समजून महिनोन्‌महिने औषध घेतल्यावर कर्करोग कळलेले रुग्ण इथल्या छातीच्या डॉक्टरांना नवे नाहीत.