जुन्या गाडीचा टेप आणि खिशातला प्लेअर : एका जोडणीची पार्श्वभूमी

खान्देशात गाडी सहसा लवकर मोडीत निघत नाही. जुन्या कमांडर, ट्रॅक्स, सुमो आणि मारुती ८०० अजूनही शेतावर, आठवडे बाजाराला आणि लग्नाच्या वऱ्हाडाला धावताना दिसतात, आणि त्यांतल्या अनेकींच्या डॅशबोर्डमध्ये मूळचा कॅसेटचा टेप तसाच असतो. या टेपवर मोबाइलमधली किंवा छोट्या प्लेअरमधली गाणी वाजली पाहिजेत, अशी मागणी घेऊन माणूस जळगावच्या गोलाणी मार्केटात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर गेला, की त्याला एकाच कामासाठी चार-पाच निरनिराळे उपाय सांगितले जातात. त्यांत एवढा फरक का, याचे उत्तर गाडीतल्या ध्वनिसंचांच्या इतिहासात आहे. हे संच ज्या काळात घडले त्या काळात बाहेरचा प्लेअर जोडण्याची सोय निर्मात्यांनी ठेवलेली नव्हती. त्यामुळे प्रत्येक उपाय दुसऱ्याच कामासाठी ठेवलेल्या एखाद्या दाराने आत शिरतो, आणि ते दार कोणते यावर आवाजाची प्रत ठरते.

सर्वांत जुन्या संचांना असे एकच दार होते, ते म्हणजे एरियल. अमेरिकेतील गॅल्विन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशनने १९३० मध्ये ‘मोटोरोला’ या नावाने गाडीचा रेडिओ विक्रीस आणला. त्या काळच्या रेडिओत व्हॉल्व्ह, म्हणजे संकेत वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या, असत. व्हॉल्व्हला दोनशे व्होल्टच्या आसपास दाब लागे आणि बॅटरी तर सहा किंवा बारा व्होल्टचीच असे. म्हणून व्हायब्रेटर नावाच्या थरथरणाऱ्या स्विचने बॅटरीचा प्रवाह तोडून तो ट्रान्सफॉर्मरने चढवावा लागे. १९५५ मध्ये फिल्को आणि क्रायस्लर यांनी पूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणारा गाडीचा रेडिओ आणला आणि त्यानंतर ही व्यवस्था हळूहळू मागे पडली. आपल्याकडे ॲम्बॅसेडर आणि फियाट यांच्या काळात गाडीत रेडिओ असणे ही मोठी गोष्ट होती. रेडिओ बाळगण्यासाठी भारतीय तार अधिनियमाखाली परवाना काढावा लागे, त्याचे शुल्क पोस्टात भरावे लागे, आणि ही पद्धत १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकली. हे रेडिओ बहुधा मध्यम आणि लघु लहरींचे असत. खान्देशाला ते पुरेसेही होते, कारण जळगावचे आकाशवाणी केंद्र मध्यम लहरींवर ऐकू येई आणि रात्री मध्यम लहरी दूरवर पोहोचत असल्याने सातपुड्याच्या पायथ्याच्या रस्त्यांवरही लांबची केंद्रे लागत. अशा संचात एफएमचा पट्टाच नाही, ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली.

दुसरे दार कॅसेटने उघडले. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात कॉम्पॅक्ट कॅसेट मांडली. तिच्यातील फीत ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने हेडवरून, म्हणजे फितीवरचे चुंबकीय संकेत वाचणाऱ्या भागावरून, सरकते. भारतात कॅसेटचा खरा बहर १९८० च्या दशकात आला. गुलशन कुमार यांच्या टी-सिरीजसारख्या कंपन्यांनी कॅसेटची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यात आणली, आणि त्याच लाटेत प्रादेशिक गाण्यांनाही बाजार मिळाला. अहिराणी गाणी, कानबाई या देवीची गाणी, लग्नातली गाणी ही ज्या श्रोत्यांची होती त्यांच्यापर्यंत ती रेडिओपेक्षा कॅसेटने कितीतरी जवळून पोहोचली, आणि माझ्या मते काळीपिवळी जीपमधल्या टेपचा त्यात मोठा वाटा आहे. शहाद्याहून धडगावकडे किंवा चोपड्याहून शिरपूरकडे जाणाऱ्या माणसाने कोणते गाणे ऐकावे हे प्रथमच गाडीचा चालक ठरवू लागला.

कॅसेटला मात्र खान्देशाचे हवामान मानवत नव्हते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा अनेकदा ४५ अंशांच्या वर जातो. काचेखाली उन्हात राहिलेल्या कॅसेटचे कवच वाकते, फीत ढिली पडून रोलरला गुंडाळली जाते, आणि टेपमधला रबरी पट्टा सैल किंवा चिकट होतो. काळ्या मातीची धूळ हेडवर बसून उंच स्वर बोथट होतात. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने हेड पुसणे हे त्यामुळे इथल्या चालकांचे नित्याचे काम झाले होते. बाहेरचा प्लेअर जोडण्याची गरज इथे हौसेइतकीच या त्रासातूनही निर्माण झाली.

सोनीचा वॉकमन १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये विक्रीस आला आणि खिशात मावणारा प्लेअर ही वस्तू जगाला मिळाली. त्याच्यासोबत ३.५ मिलिमीटरची स्टिरिओ पिन घरोघरी गेली. पुढे १९८४ मध्ये सोनीनेच हातात नेता येणारा सीडी प्लेअर आणला. आता गाडीत कॅसेटचा टेप आणि हातात सीडी प्लेअर अशी स्थिती निर्माण झाली, आणि त्या दशकातच कॅसेट ॲडॅप्टरची युक्ती निघाली. या वस्तूकडे नीट पाहण्यासारखे आहे. बाहेरून ती साधी कॅसेटच दिसते, फक्त तिच्या कडेतून एक वायर बाहेर येते आणि वायरच्या टोकाला पिन असते. आत फीत नसते. ज्या जागी टेपचे हेड फितीला टेकते, नेमक्या त्याच जागी आतल्या बाजूने दुसरे एक छोटे हेड बसवलेले असते. प्लेअरमधून आलेला प्रवाह या हेडमध्ये बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो आणि समोरचे टेपचे हेड ते क्षेत्र चालत्या फितीचे समजून वाचते. दोन्ही चकत्या दातेरी चाकांनी एकमेकींना जोडलेल्या असतात, कारण गुंडाळणारी चकती थांबली की फीत संपली असे मानून टेप बंद होतो. फीत संपली की आपोआप दुसरी बाजू वाजवणाऱ्या ऑटो रिव्हर्स टेपमध्ये तो कधीकधी बाजू पालटतो आणि आवाज नाहीसा होतो, तेव्हा दिशेचे बटण दाबून तो परत आणावा लागतो. हेडपासून येणारा संकेत मुळातच अतिशय क्षीण असल्याने तो वाढवताना टेपची सळसळ ऐकू येतेच, आणि दोन हेड एकमेकांसमोर तंतोतंत आले नाहीत तर एका बाजूचा आवाज कमी पडतो. असे असूनही संच न उघडता करता येणारा हा सर्वांत प्रामाणिक उपाय होता, आणि ज्याचा टेप धडधाकट आहे त्याने आजही आधी हाच करून पाहावा.

सीडीच्या काळाचा खान्देशातल्या जुन्या गाड्यांवर थेट परिणाम थोडाच झाला. परदेशी गाड्यांत डिकीमध्ये अनेक सीडींचा चेंजर ठेवण्याची पद्धत आली, त्यासाठी संचाच्या मागे पायोनियरचे आयपी-बस किंवा अल्पाइनचे एआय-नेट यांसारखे खास सॉकेट असे, आणि नंतर त्या सॉकेटला आपण चेंजरच आहोत असे भासवणारी जोडणी निघाली. इथे अशी गाडी विरळाच.

एमपी३ने मात्र सगळे बदलून टाकले. या पद्धतीच्या फायलींना ‘.एमपी३’ हे नाव १९९५ मध्ये मिळाले, १९९८ मध्ये पहिले खिशातले एमपी३ प्लेअर आले, आणि ऑक्टोबर २००१ मध्ये ॲपलने आयपॉड जाहीर केला. साध्या ध्वनी-सीडीवर ७४ मिनिटांचे संगीत मावते. तेवढ्याच आकाराच्या चकतीवर १२८ केबीपीएस (सेकंदाला १२८ किलोबिट) दर्जाची एमपी३ गाणी बारा तासांच्या आसपास मावतात. पाश्चात्त्य देशांत जुन्या गाडीला आयपॉड जोडणे हा स्वतंत्र व्यवसायच झाला. आपल्याकडे आयपॉड मोजक्या हातांत होते. खान्देशातला खरा खिशातला प्लेअर म्हणजे मेमरी कार्ड असलेला मोबाइल. तालुक्याच्या बसस्थानकाजवळ संगणक मांडून कार्डात गाणी भरून देणारी दुकाने निघाली, आणि कार्डात आलेले गाणे गाडीत मोठ्या आवाजात ऐकायचे तर कसे, हा प्रश्न साहजिकच पुढे आला.

त्यावर सर्वांत झटपट विकला गेलेला उपाय म्हणजे एफएम ट्रान्समीटर. सिगारेट लायटरच्या सॉकेटात बसणारे हे उपकरण मोबाइलमधले गाणे अगदी कमी शक्तीने एफएमवर प्रसारित करते आणि गाडीचा रेडिओ ते केंद्रासारखे पकडतो. म्हणजे ते पुन्हा सर्वांत जुन्या दारानेच, एरियलने, आत येते. भारतात एफएम प्रसारण १९७७ मध्ये मद्रासला सुरू झाले, खासगी वाहिन्या २००१ पासून आल्या, आणि लहान शहरांपर्यंत त्या त्याहून उशिरा पोहोचल्या. त्यामुळे महानगरांत रिकामी फ्रिक्वेन्सी शोधताना जी दमछाक होते ती खान्देशात झाली नाही. इथे पट्ट्याचा बराच भाग मोकळा होता आणि सातपुड्याच्या दऱ्यांत तर जवळजवळ सगळाच. धुळ्याहून मुंबईकडे निघालेल्या गाडीत नाशिक जवळ येऊ लागले, की एखादे बलवान केंद्र गाण्यावर चढून बसते आणि फ्रिक्वेन्सी बदलावी लागते. आणि ज्या रेडिओला एफएमच नाही, त्याला हे उपकरण कितीही महाग घेतले तरी निरुपयोगी आहे. दुकानदाराने हे विकण्यापूर्वी विचारायला हवे. बहुतेक वेळा ते विचारले जात नाही.

ज्या उपायाबद्दल मला सर्वाधिक आदर आहे तो मात्र कुठल्या कंपनीने दिलेला नाही. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिरांनी तो आपल्या टेबलावर सिद्ध केला. संच कोणताही असो, रेडिओचा भाग आणि टेपचा भाग आपापला संकेत तयार करतात आणि ते दोन्ही शेवटी व्हॉल्यूम कंट्रोलपाशी एकत्र येतात. तिथून पुढे आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर आणि स्पीकर. मोबाइलच्या पिनमधून येणारा संकेत ताकदीने साधारण याच टप्प्यातला असतो. म्हणून वायर इथे जोडली की हेडची सळसळ आणि एफएमची खरखर दोन्ही टळतात. स्टिरिओ कंट्रोलला सहा पाय असतात, प्रत्येक बाजूला तीन : एक अर्थचा (म्हणजे अर्थिंगचा, शून्य दाबाचा), एक संकेत आत येण्याचा आणि मधला बाहेर जाण्याचा. कारागीर संच चालू ठेवून पायांना बोट लावून पाहतो. अर्थच्या पायाला शांतता असते, संकेताच्या पायाला घूं असा आवाज उठतो. मग तो आत येणाऱ्या पायाकडे जाणारी वाट तोडून ती सॉकेटमधल्या स्विचमधून फिरवतो, म्हणजे पिन लावली की टेप आपोआप तुटतो आणि पिन काढली की परत जोडला जातो. संच मोनो, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंना एकच आवाज देणारा, असेल तर डाव्या-उजव्या वायरी सरळ एकत्र पिळायच्या नसतात. प्रत्येकीत प्रवाहाला अडवणारा एक रेझिस्टर घालून मगच त्या जोडायच्या असतात, नाहीतर दोन्ही बाजूंचे आउटपुट एकमेकांवर भार टाकतात. व्हॉल्व्हच्या संचाला मात्र बोट लावण्याची ही रीत कधीही वापरू नये, कारण तिथे दोनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो. पुढच्या काळातल्या डिजिटल संचांत फिरणारा कंट्रोलच नसतो, ते काम आयसी, म्हणजे अनेक भाग एकत्र असलेली चिप, करते. तिथे आयसीचे पाय माहीत असल्याशिवाय सोल्डरिंगचे तापलेले टोक लावण्यात अर्थ नाही.

या जोडणीनंतर एक तक्रार हमखास येते. मोबाइल गाडीच्याच चार्जरवर लावला की स्पीकरमधून शिट्टीसारखी भुणभुण सुरू होते आणि रेस दिली की ती चढते. चार्जरचे अर्थिंग आणि ऑडिओ वायरचे अर्थिंग असे दोन मार्ग मिळून एक वेटोळे तयार होते आणि अल्टरनेटरचा, म्हणजे गाडीतल्या वीज बनवणाऱ्या यंत्राचा, खळखळाट त्यातून आवाजात शिरतो. ऑडिओ वायरीत दोन्ही अर्थिंग वेगळी ठेवणारा एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घातला की तो थांबतो. हा भाग स्वस्त आहे, सहज मिळतो, आणि तरीही अनेकांना त्याऐवजी नवीन मोबाइल चार्जर घ्यायला लावले जाते.

कॅसेटचा काळ संपल्यावर यूएसबी, मेमरी कार्ड आणि एफएम एकाच पाटीवर असलेले तयार बोर्ड बाजारात आले. कारागीर टेपची यंत्रणा काढून कॅसेटच्या फटीतच हा बोर्ड बसवत, आणि मूळचा ॲम्प्लिफायर गेलेला असेल तर ४४४० आयसीचा नवा बोर्डही टाकत. बोर्डाला पाच व्होल्ट लागतात, ते दाब उतरवून स्थिर ठेवणाऱ्या ७८०५ या रेग्युलेटरने मिळवले जातात. इंजिन चालू असताना गाडीत १४ व्होल्टच्या आसपास दाब असतो. अर्धा अँपिअर प्रवाह धरला तर उरलेल्या ९ व्होल्टची सुमारे साडेचार वॅट उष्णता त्या एवढ्याशा तुकड्यातून बाहेर पडायला हवी. ॲल्युमिनियमची पट्टी न लावलेला रेग्युलेटर पावसाळ्यात चालतो आणि पहिल्याच उन्हाळ्यात बंद पडतो, याचे कारण एवढेच आहे.

ब्लूटूथवरून स्टिरिओ संगीत पाठवण्याची पद्धत २००३ मध्ये प्रमाणित झाली, पण गाड्यांतल्या जोडण्यांवर तिचा खरा परिणाम बराच नंतर झाला. २०१६ मध्ये ॲपलने आयफोनमधून ३.५ मिलिमीटरचे सॉकेट काढले, इतर अनेक कंपन्यांनी पुढे तेच केले. आणि त्याच वर्षी जिओची मोबाइल इंटरनेट सेवा सुरू झाल्याने कार्डात गाणी भरून घेण्याची गरज उरली नाही. आता व्हॉल्यूम कंट्रोलपाशी सोडलेल्या त्याच वायरीला सॉकेटऐवजी ब्लूटूथचा छोटा रिसीव्हर जोडतात. ॲम्बॅसेडर किंवा पद्मिनी मूळ रूपात जपणारे काही मालक त्याही पुढे जातात : डॅशबोर्डमधला रेडिओ अजिबात न उघडता ते सीटखाली वेगळा ब्लूटूथ ॲम्प्लिफायर बसवतात आणि त्याचे स्पीकर निराळे ठेवतात. जुना संच वाचवण्याचा हा मार्ग मला डॅशबोर्ड कापून नवा स्क्रीन बसवण्यापेक्षा कितीतरी योग्य वाटतो. त्यात एकच गोष्ट आधी तपासावी लागते. जुन्या ब्रिटिश बनावटीच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक चॅसिसला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, जोडलेले असे, आणि आजचे प्रत्येक उपकरण ऋण टोक चॅसिसला आहे असे धरून बनवलेले असते. म्हणून अशी गाडी समोर आली, तर कोणतीही वायर जोडण्यापूर्वी बॉनेट उघडून बॅटरीचे कोणते टोक चॅसिसला गेले आहे ते आधी पाहावे, आणि ते धन असेल तर उपकरणाचा पत्रा गाडीच्या पत्र्याला कुठेही टेकू देऊ नये.