जलगाळणी, फ्रिजमधील : कांडी बदलण्याची वेळ (कोकण किनारपट्टी)

फ्रिजच्या दारातील नळाला आणि बर्फाच्या खणाला जाणारे पाणी ज्या बंद कांडीतून गाळले जाते, ती जलगाळणी. घरात तिला नुसते फिल्टर म्हणतात, दुरुस्ती करणारे कार्ट्रिज म्हणतात. आत दाबून घट्ट केलेला सक्रियित कार्बन, म्हणजे असंख्य सूक्ष्म छिद्रांचा खास तयार केलेला कोळसा, असतो. उत्पादक बहुधा सहा महिने किंवा साधारण ७५० ते १,१०० लिटर पाणी, यांपैकी जे आधी भरेल ती कांडीची मर्यादा सांगतात. ही मर्यादा आधीच शुद्ध केलेले व क्लोरीन घातलेले शहरी पाणी धरून दिलेली असते. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या पट्ट्यात मात्र फ्रिजला जोडलेली नळी पुष्कळदा विहिरीच्या, विंधणविहिरीच्या किंवा ग्रामपंचायतीच्या योजनेच्या पाण्याची असते, आणि त्या पाण्याचा स्वभाव ऋतूप्रमाणे पालटतो. त्यामुळे येथे कांडी बदलण्याची वेळ कॅलेंडरापेक्षा पाण्याच्या उगमावरून ठरवणे योग्य.

पूर्वपीठिका : पाणी गाळून पिण्याचा दंडक जुना आहे. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायातील ‘वस्त्रपूतं जलं पिबेत्’ हे वचन सर्वपरिचित आहे. सुश्रुतसंहितेत पाणी निवळण्याच्या सात साधनांची यादी येते. तीत वस्त्राबरोबर कतकाचे, म्हणजे निवळीचे बी आहे. संहितेच्या काळाविषयी एकमत नाही. मूळ गाभा इसवी सनापूर्वीचा व आजचे रूप नंतरच्या संस्कारांचे, असे मानणे अधिक सुरक्षित वाटते. निवळीचे बी सहाणेवर उगाळून गढूळ पाण्यात घातले की गाळ गोळा होऊन तळाशी बसतो. ही क्रिया गाळण्याची नसून साकळण्याची आहे. हा भेद पुढे महत्त्वाचा ठरतो, कारण आजच्या कांडीत पाण्यावर एकाच वेळी दोनतीन वेगळ्या क्रिया होतात आणि त्या एकाच वेळी थकत नाहीत.

घरगुती गाळणीचा आधुनिक इतिहास बहुधा लंडनमधील लॅम्बेथच्या डौल्टन कुंभारशाळेपासून सांगितला जातो. व्हिक्टोरिया राणीने १८३५ मध्ये हेन्री डौल्टन याच्याकडून राजवाड्यासाठी गाळणी करवून घेतली, ही हकीकत अनेक ठिकाणी जशीच्या तशी उतरलेली दिसते. तिच्यात दोन अडचणी आहेत. व्हिक्टोरिया गादीवर आली ती जून १८३७ मध्ये. आणि हेन्रीचा जन्म १८२० चा, म्हणजे १८३५ मध्ये तो पंधरा वर्षांचा शिकाऊ उमेदवार होता. वडील जॉन डौल्टन यांच्या कारखान्यात सच्छिद्र मातीच्या गाळण्या १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धात होऊ लागल्या, असे काही लेखक मानतात. राजवाड्याची मागणी खरी असली तरी वर्ष मागाहून जोडले गेले असावे, हेच मत ग्राह्य धरावेसे वाटते. चिनी मातीची बारीक छिद्रांची गाळणी मात्र निःसंदिग्धपणे १८८४ ची व शार्ल शांबरलाँ याची आहे. तिच्यातून जीवाणू अडत. परंतु १८९२ मध्ये दिमित्री इव्हानोव्स्की याने तंबाखूच्या रोगट पानांचा रस तिच्यातून गाळला आणि गाळलेला रसही रोगकारक निघाला. विषाणूंच्या शोधाची ती सुरुवात होय. गाळून आलेले पाणी नितळ दिसते म्हणून निर्धोक असते असे नाही, हे तेव्हापासून माहीत आहे. कोकणात पावसाळ्यात होणारी कावीळ पुष्कळदा पाण्यातूनच, अशाच विषाणूंमुळे पसरते.

कोळशाचा धागा वेगळा. कोळसा वायू धरून ठेवतो हे कार्ल शेले याने १७७३ मध्ये दाखवले. द्रावाचा रंग काढण्याचे त्याचे सामर्थ्य टोबियास लोविट्स याने १७८५ च्या सुमारास नोंदवले. औद्योगिक सक्रियित कार्बन विसाव्या शतकाच्या आरंभीचा. उत्तम प्रतीचा घरगुती कार्बन नारळाच्या करवंटीपासून करतात. ती कठीण असून तिच्यापासून अतिसूक्ष्म छिद्रे मिळतात. एक ग्रॅम कार्बनाचे अंतर्गत पृष्ठफळ हजार चौ. मी.च्या आसपास भरते. ज्या करवंटीची डवली होते किंवा जी न्हाणीच्या चुलीत जाते, तीच शहरी कांडीत बसून पुन्हा कोकणातल्या फ्रिजमध्ये येते.

कांडी थकते कशी : कांडीत मुख्यतः तीन गोष्टी घडतात. पहिली, माती व गंजाचे कण बाहेरच्या थरावर अडतात. हा थर भरला की पाण्याची धार बारीक होते. दुसरी, वास व चव देणारी सेंद्रिय द्रव्ये कार्बनाच्या छिद्रांत चिकटतात, म्हणजे त्यांचे अधिशोषण होते. तिसरी, क्लोरीन कार्बनाच्या पृष्ठावर अभिक्रिया होऊन क्लोराइडात बदलतो. हा तिसरा गुण सर्वांत उशिरा संपतो. म्हणून ‘नळाला पुन्हा क्लोरीनचा वास येऊ लागला की कांडी बदला’ हा सल्ला सरसकट पाळल्यास उशीर होतो. तोपर्यंत सेंद्रिय द्रव्ये अडवण्याची शक्ती बरीच आधी गेलेली असते. धार चांगली आहे म्हणून कांडी चांगली आहे हेही खरे नव्हे. नितळ पण सेंद्रिय द्रव्यांनी भरलेल्या पाण्यावर कार्बन पूर्ण भरतो आणि धार तशीच राहते.

अमेरिकेतील एनएसएफ-एएनएसआय मानकांत ४२ क्रमांकाचे मानक चव, वास, क्लोरीन यांपुरते आहे. शिसे, पुटी (काही परजीवींची टणक कवचातली अवस्था) यांसारख्या आरोग्याशी निगडित दाव्यांसाठी ५३ क्रमांकाचे आहे. ५३ मध्ये, मर्यादा संपल्याची सूचना देणारे साधन कांडीला नसेल तर जाहीर क्षमतेच्या दुप्पट पाणी सोडून चाचणी घ्यावी लागते. साधन असेल तर १२० टक्के पुरतात. वेष्टनावरील आकड्यामागे जी थोडी सवलत असते ती अशी येते. ती प्रयोगशाळेत तयार केलेल्या पाण्यासाठी आहे. जांभ्यातल्या विहिरीच्या पाण्याला लागू करता येत नाही.

कांडी बदलण्याची सूचना देणारा फ्रिजवरचा दिवा या बाबतीत फारच जपून घ्यावा. बहुतेक फ्रिजमध्ये तो दिवस मोजतो, काहींत नळ उघडा राहिलेला वेळ किंवा गेलेले पाणी. पाण्याचा दर्जा तो तपासत नाही. बटण काही क्षण दाबून धरले की कांडी न बदलताही दिवा हिरवा होतो.

किनारपट्टीचे पाणी : कोकणात वर्षाला साधारण २,५०० ते ३,५०० मिमी. पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. खाली जांभा. फ्रान्सिस ब्यूकॅनन याने १८०७ मध्ये मलबारातील नमुन्यांवरून या खडकाला विटेच्या लॅटिन शब्दावरून लॅटराइट हे इंग्रजी नाव दिले. उष्ण व दमट हवेत खडकातील सिलिका व क्षार धुपून लोह आणि ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे उरतात, त्यांचा हा खडक. यामुळे आतल्या गावांतील विहिरींचे पाणी बहुधा मऊ, कमी क्षारांचे, किंचित आम्ल आणि कधीकधी लोहयुक्त असते. अशा पाण्याला आरओ यंत्राची गरज सहसा नसते. विकणारे काही म्हणोत, मऊ पाण्यातले उरलेसुरले क्षार काढून टाकण्यात लाभ नाही.

लोह विहिरीतून नुकत्याच काढलेल्या पाण्यात विरघळलेले असते व दिसत नाही. हवा लागली की ते तपकिरी होऊन टाकीच्या तळाशी किंवा कांडीवर बसते. लिटरला ०.३ मिग्रॅ.च्या वर गेले की कपड्यांवर डाग व जिभेला कसट चव येते. काढलेली कांडी बाहेरून विटकरी व बुळबुळीत असेल तर लोहजीवाणूंचा संशय धरावा. त्यांचा तवंग विहिरीच्या पाण्यावर तेलासारखा दिसतो. पण काडीने ढवळल्यास तेलाचा तवंग पुन्हा जुळतो, हा तुकड्यातुकड्यांत फुटतो.

किनाऱ्याजवळच्या गावांत चैत्र-वैशाखात विहिरी खाली जातात व खारे पाणी आत सरकते. पाणी मचूळ लागू लागते. नेमक्या याच वेळी पुष्कळ घरांत कांडी बदलली जाते आणि चव बदलत नाही म्हणून नवी कांडी खोटी ठरवली जाते. विरघळलेले मीठ कार्बन अडवीत नाही, नवा असो वा जुना. मचूळपणा हे कांडी थकल्याचे लक्षण नाही. भारतीय मानक १०५०० मध्ये क्लोराइडाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २५० मिग्रॅ. आहे, त्याच्या फार वर गेलेल्या विहिरीला पिण्यासाठी दुसरा उगम शोधावा किंवा तेथे आरओ यंत्र खरोखर कामाचे.

लक्षणे व त्यांची पारख : धार मंदावणे हे सर्वांत परिचित आणि सर्वांत फसवे लक्षण. फ्रिजच्या पाणीवाटेला साधारणतः किमान १.४ किलो प्रति चौ. सेंमी. दाब लागतो, म्हणजे सुमारे १४ मी. उंचीच्या पाण्याचा. कौलारू किंवा एकमजली स्लॅबच्या घरावरील टाकी नळाच्या तीन-चार मीटर वर असते. तिचा दाब ०.३-०.४ किलो. तेवढ्यावर नवी कांडीही रडतरडत पाणी देते. म्हणून कांडी बसवल्या दिवशीच एक लिटरचे भांडे भरायला किती सेकंद लागतात ते मोजून तारखेसह कांडीवर लिहून ठेवावे. टाकी तेवढीच भरलेली असताना हा वेळ दीडपट झाला की बदलावी. अनेक फ्रिजबरोबर कांडीच्या जागी बसणारे बुच मिळते; ते लावून पुन्हा मोजावे. धार तरीही बारीक असेल तर दोष नळीचा, झडपेचा किंवा दाबाचा.

चवीने पारख करायची तर पाणी पेल्यात तासभर बाहेर ठेवावे. गार पाण्यात वास व चव दबतात. फ्रिजच्या नळाखालून थेट प्यालेल्या पाण्यावर कोणताही निर्णय घेऊ नये. बर्फाच्या वासाचे तर आणखी वेगळे. खणातल्या हवेतला वास बर्फ धरतो, आणि ज्या घरात सुके बोंबील किंवा सोडे फ्रिजमध्ये ठेवलेले असतात तेथे बर्फाचा वास कांडीविषयी काहीच सांगत नाही. बर्फ वितळल्यावर तळाशी तांबूस कण राहिले तर मात्र ते पाण्यातून आलेले.

ग्रामपंचायतीच्या पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर घातली जाते व जलसुरक्षक, म्हणजे गावच्या पाण्याची देखरेख करणारा कर्मचारी, ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणीने उरलेला क्लोरीन पाहतो. तीच चाचणी घरी दोनदा करता येते : साध्या नळाच्या पाण्याला पिवळा रंग येतो आणि फ्रिजच्या पाण्याला येत नाही, तर कार्बन निदान क्लोरीनपुरता जिवंत आहे. दोन्हींना येत असेल तर कांडी तत्काळ काढावी. ऑर्थोटोलिडीन शरीराला अपायकारक मानले जाते. चाचणीचे पाणी पिण्याच्या भांड्यात परत जाऊ देऊ नये. क्लोरीन पाहण्याची डीपीडी गोळ्यांची चाचणी मिळाल्यास तीच घ्यावी.

पावसाळा व रोगजंतू : कार्बनकांडी जंतू मारीत नाही. उलट ती क्लोरीन काढून घेते, त्यामुळे तिच्या पुढच्या नळीत व टाकीत जंतूंना अटकाव करणारे काही उरत नाही आणि ओल्या कार्बनावर जीवाणूंचा थर वाढतो. चांदीचा लेप दिलेला कार्बन ही वाढ मंद करतो, थांबवीत नाही. यासाठी सकाळचा पहिला पेला ओतून द्यावा. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर विहिरीत वरवरचे पाणी शिरते. त्या दिवसांत फ्रिजमधून पाणी देणे बंद करून खळखळून एक मिनिट उकळलेले पाणी प्यावे. कांडी नवी आहे एवढ्यावर विसंबून लहान मुलांना गढूळ विहिरीचे पाणी पाजणे धोक्याचे आहे, हे कितीही वेळा सांगितले तरी कमीच.

वर्षातून दोनदाच बदलायची झाली तर पहिली बदली पाऊस ओसरून विहीर निवळल्यावर, आश्विनाच्या सुमारास, करावी. गाळाने भरलेली कांडी तेव्हा निघते. दुसरी आगोटीच्या, म्हणजे पाऊस सुरू होण्याच्या, आधी, इतर बेगमीबरोबर. भर पावसात नवी कांडी बसवल्यास ती काही आठवड्यांत चोंदू शकते. पाण्याच्या वाटेवर पाच मायक्रॉनचा स्वस्त स्पन, म्हणजे धाग्यांची बाहेरची गाळणी, लावला असेल तर गाळ तो झेलतो व आतील कांडी जास्त टिकते. स्पन मात्र पावसाळ्यात महिन्या-महिन्याला पाहावा लागतो.

बंद घरे : शिमग्याला उघडलेले घर पुन्हा गणपतीला उघडते, अशी घरे रत्नागिरी-सिंधुदुर्गात गावोगाव आहेत. फ्रिज बंद, कांडी ओली, आणि पाणी पाच महिने तसेच उभे. अशा कांडीतून गेलेले पाणी मोजायला गेल्यास शे-दोनशे लिटर भरत नाही, तरीही ती टाकून द्यावी; येथे लिटरांचा हिशेब चालत नाही. चाकरमान्यांनी घर बंद करतानाच कांडी काढून बुच लावावे, नळीतले पाणी सोडून द्यावे आणि आल्यावर नवी बसवावी. नवी बसवल्यावर पहिले दहा-पंधरा लिटर पाणी ओतून द्यावे किंवा झाडांना घालावे. त्यात काळी पूड दिसते, ती कार्बनाची. पाणी दुधाळ दिसले तर पेला दोन मिनिटे ठेवून पाहावा : हवेचे बुडबुडे असल्यास तळापासून वर निवळत जाते, गाळ असल्यास वरून खाली.