न थांबणारा भोंगा

१९६१ साली फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी माणसाच्या दोन वयांच्या पेशी एकाच बाटलीत वाढवल्या. पुरुषाच्या पेशी आधीच सुमारे ४० वेळा दुप्पट झालेल्या, स्त्रीच्या जेमतेम १० वेळा. खाद्य तेच, ऊब तीच. पुढे गुणसूत्रं तपासली, तेव्हा विभाजन चालू होतं ते फक्त स्त्रीच्या पेशींचं. तोवर समज असा होता की पेशी नीट जोपासल्या तर कायम वाढत राहतात. थांबल्या तर चूक वाढवणाऱ्याची. हिशेब पेशीच्या आतच असतो, हे त्या बाटलीने दाखवलं.

हा हिशेब गुणसूत्रांच्या टोकांवर, टेलोमिअरवर असतो. दर विभाजनाला टोक थोडं झिजतं, आणि फार झिजलं की पेशी विभागणं थांबवते. पण पेशी थांबायला झीजच लागते असं नाही. अतिनील किरण, क्ष-किरण, तंबाखूचा धूर यांनी डीएनए तुटला तरी पी-५३ नावाचं प्रथिन जागं होतं. इजा किरकोळ असेल तर दुरुस्ती होते, फार असेल तर पेशी मरते. तिसरी वाट मला सगळ्यात विलक्षण वाटते: पेशी जगते, पण पुन्हा कधीच विभागत नाही. तुटका डीएनए घेऊन ती वाढत सुटली असती तर कर्करोगाचा धोका होता. तो लगाम मोलाचाच, पण त्याची किंमत मोजावी लागते. २००२ साली पी-५३ जास्त सक्रिय असलेले उंदीर अभ्यासले गेले. त्यांना गाठी कमी झाल्या. मात्र हाडं विरळ झाली, पाठीला बाक आला आणि आयुष्यही घटलं.

अशी थांबलेली पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तव्यावरच्या घावनासारखी चपटी, ऐसपैस पसरलेली दिसते. ती गप्प मात्र बसत नाही. ज्युडिथ कॅम्पिसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं की ती इंटरल्यूकिन-६ सारखी दाह वाढवणारी रसायनं सतत सोडत राहते. गिरणीचा भोंगा वाजावा तसं हे बोलावणं असतं. ते ऐकून रोगप्रतिकारक पेशी येतात आणि तिला उचलून नेतात. वय वाढतं तशा थांबलेल्या पेशी वाढतात, उचलणाऱ्यांचं बळ ओसरतं, आणि भोंगा वाजतच राहतो. शेजारच्या धडधाकट पेशीही त्यामुळे थांबू लागतात. सोबत सुटणारी विकरं आजूबाजूचं कोलॅजन, म्हणजे पेशींना आधार देणारं प्रथिन, कुरतडतात. गुडघ्याची कूर्चा, रक्तवाहिन्यांच्या भिंती, सगळीकडे हा मंद दाह मुरत जातो.

२०११ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये, लवकर म्हातारे होणाऱ्या उंदरांमधून अशा पेशी काढून टाकल्या गेल्या. त्यांचा मोतीबिंदू लांबला, स्नायू टिकले. या पेशी मारणाऱ्या औषधांच्या माणसांवरच्या चाचण्याही तेव्हापासून सुरू झाल्या आहेत. त्या सावधपणेच व्हाव्यात असं मला मनापासून वाटतं. कारण कॅम्पिसींच्याच प्रयोगशाळेने २०१४ साली उंदरांच्या कातडीवर छोट्या जखमा केल्या आणि थांबलेल्या पेशी काढून टाकल्या, तेव्हा जखम भरून यायला उशीर लागला.