माकडांचा कळप आणि सरकलेला अन्वस्त

पाटणादेवीला येणारे लोक दर्शन झालं की धवलतीर्थाकडे वळतात. चाळीसगावजवळच्या याच पाटणच्या शिलालेखात मात्र गणिताची नोंद आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला आणि १२०७ मध्ये त्याला निकुंभ राजांकडून दान मिळालं. लेख उजेडात आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी.

भास्कराचार्यांच्या बीजगणितात माकडांचं एक उदाहरण आहे. कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा करा. उरेल त्याच्या वर्गाइतकी माकडं गुहेत गेली, एक फांदीवर दिसतंय. कळप केवढा?

(क्ष/५ − ३)² + १ = क्ष

सोडवायचं मध्यमाहरणाने, म्हणजे वर्ग पुरा करून मधलं पद घालवायचं. नियम श्रीधराचार्यांचा, आणि भास्कराचार्य तसं सांगतातही. आजच्या भाषेत हे आलेख सरकवणंच आहे: अन्वस्ताचा, म्हणजे वर्गाच्या वाटीसारख्या वक्राचा, अक्ष शून्यावर आणला की मधलं पद उरत नाही. उत्तरं येतात ५० आणि ५. त्यांनी ५ नाकारलं. पाचाचा पाचवा हिस्सा एक. त्यातून तीन माकडं कशी काढणार?

आलेख त्यांच्यापाशी नव्हता. समीकरणाचा वक्र मांडायची रीत देकार्त आणि फर्मा यांची, १६३७ च्या आसपासची. फ(क्ष) या घाटाची, म्हणजे क्षवर अवलंबून असलेल्या राशीची, खूण ऑयलरने १७३४ मध्ये वापरली. कंसाच्या आतला बदल आणि बाहेरचा बदल त्या खुणेमुळे वेगळे दिसू लागले, आणि अकरावीच्या पोरांची पंचाईतही तिथूनच सुरू झाली.

समीकरणाची डावी बाजू आलेख म्हणून काढा. बाहेरचा +१ सरळ आहे, अन्वस्त एक घर वर. आतला −३ फसवा. 'वजा आहे, म्हणजे डावीकडे तीन,' असं बरेच जण म्हणतात. आतलं चिन्ह उलटं धरायचं असतं हे पाठ केलेला 'उजवीकडे तीन' म्हणतो. तोही चुकतो. शिरोबिंदू, म्हणजे या अन्वस्ताचा सगळ्यात खालचा बिंदू, असतो कंस शून्य होतो तिथे: क्ष/५ = ३, म्हणून क्ष = १५. तीन घरं सरकवून आलेख आडवा पाचपट ताणला, की ती तीन घरंही ताणली जातात.

आता य = क्ष ही रेषा ओढा. ती अन्वस्ताला ५ आणि ५० वर छेदते. शिरोबिंदूच्या डाव्या अंगाला कंसातली संख्या ऋण असते, आणि भास्कराचार्यांनी सोडून दिलेलं ५ त्याच अंगाला आहे.