‘शेजारी’: दोन मित्र आणि एक धरण

मार्च १९४० मध्ये मुस्लिम लीगने मुसलमानांसाठी वेगळ्या राज्यांची मागणी करणारा लाहोरचा ठराव केला. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये अहमदाबाद हिंदू-मुस्लिम दंगलीत होरपळलं. त्याच १९४१ साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने हिंदू आणि मुसलमान शेजाऱ्यांच्या दोस्तीवर चित्रपट काढला: मराठीत ‘शेजारी’, हिंदीत ‘पडोसी’. दिग्दर्शक व्ही. शांताराम. ‘कुंकू’ आणि ‘माणूस’ने त्यांच्याविषयीच्या अपेक्षा आधीच वाढवून ठेवल्या होत्या.

कथा विश्राम बेडेकरांची. दोनच वर्षांपूर्वी त्यांची ‘रणांगण’ आली होती. त्या कादंबरीत युरोपातून परतणारा मराठी तरुण आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी बोटीवर भेटतात. वंशद्वेषाने माणसांचं काय होतं हे लिहून झालेला लेखक शेजारधर्मावर गोड कीर्तन करणार नव्हता. ‘शेजारी’त जीवबा आणि मिर्झा या दोन मित्रांमधलं वितुष्ट धर्मावरून सुरूच होत नाही. धरण बांधायला निघालेल्या उद्योगपतीला जमिनी हव्या आहेत आणि गाव एक असेपर्यंत त्या मिळत नाहीत. म्हणून आधी ही जोडी फोडायची. पुण्याच्या प्रेक्षकाला यातली मेख फोड करून सांगावी लागली नसेल. टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी लढवलेला मुळशी सत्याग्रह होऊन जेमतेम वीस वर्षं झाली होती, आणि मुळशी काही लांब नाही. शेवटी धरण फुटतं. दुरावलेले दोन म्हातारे एकमेकांचा हात धरतात आणि तसेच पाण्यात जातात.

खरी गंमत पात्रनिवडीत आहे. मिर्झा दोन्ही आवृत्त्यांत गजानन जागीरदारांनी केला. मराठीत त्यांच्यासमोर जीवबा म्हणून ‘कुंकू’तले काकासाहेब, म्हणजे केशवराव दाते. हिंदीत मात्र हिंदू ठाकूर झाला मझहर खान! हिंदू नट मुसलमान, मुसलमान नट हिंदू. पडद्यावरच्या कुठल्याही उपदेशापेक्षा ही अदलाबदल मला जास्त धीट वाटते.

मास्टर कृष्णरावांचं संगीत आणि शांताराम आठवल्यांचं ‘लखलख चंदेरी’ हे गीत चित्रपट न पाहिलेल्यांनाही ठाऊक असतं.

शांतारामांचा प्रभातमधला हा शेवटचा चित्रपट. भागीदारांशी बिनसल्यावर १९४२ मध्ये ते बाहेर पडले आणि परळला त्यांनी राजकमल कलामंदिर उभारलं. प्रभातच्या आवारात पुढे फिल्म इन्स्टिट्यूट आली, तेव्हा तिची धुरा सुरुवातीला जागीरदारांकडेच होती.